सेलमध्ये खरंच स्वस्त मिळतं का? तुमचे हिशेब इथे लिहा

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीच्या आधी मी एक वही घातली होती. मिक्सर घ्यायचा होता, जुन्याचं भांडं गळायला लागलं होतं. एक मॉडेल पक्कं केलं आणि जुलैपासून दर पंधरा दिवसांनी त्याची ऑनलाइन किंमत लिहीत गेले. जुलैअखेर ३,२४९. ऑगस्टमध्येही तेवढीच. १२ सप्टेंबरला अचानक ३,७९९. मग सेल लागला, ५,९९५ वर काट मारून खाली ३,१९९ आणि शेजारी ठळक अक्षरांत '४७ टक्के सूट'. वहीप्रमाणे मला सूट मिळाली ५० रुपये.

मिक्सर चांगला चाललाय, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण वही नसती तर २,८०० रुपये वाचले असंच मी धरून चालले असते. वस्तूवर छापलेली कमाल किरकोळ किंमत म्हणजे 'यापेक्षा जास्त घ्यायचं नाही' एवढाच तिचा अर्थ. ती किती छापायची हे कंपनीच ठरवते. म्हणजे काट मारलेला आकडा खोटा नसतो, पण त्या भावाने ती वस्तू कधी कुणी घेतली होती का, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून हा धागा काढला. आधी किती होती, सेलमध्ये कितीला पडली, नंतर किती झाली, असे आकडे द्या. फसगत झाली असेल तर लिहाच, पण खरोखर स्वस्त मिळालं असेल तर ते आवर्जून लिहा. दुकानांची नि कंपन्यांची नावं नकोत.

पुणे, लक्ष्मी रस्ता. कापड दुकानात ३१ वर्षं

ताई, तुमची वही वाचून लिहायला बसलो. मी १९८६ साली गादीवर उभा राहिलो आणि २०१७ साली काम सोडलं. मला माहीत आहे ते सगळं सांगतो.

आषाढ लागला की लग्नं थांबतात. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो, मग तुळशीच्या लग्नापर्यंत बस्ता बांधायला कुणी येत नाही. दुकान दिवसदिवस रिकामं. आणि त्याच वेळी गणपती-दिवाळीचा नवा माल भरायचा असतो. त्याला पैसा लागतो, जागा लागते. जुना माल कपाटात बसलेला, त्यात पैसा अडकलेला. म्हणून मालक आषाढात सेल लावायचे. त्या सेलचे पहिले चार-पाच दिवस खरे असायचे. माल पडतळीला, म्हणजे दुकानाला पडलेल्या भावाला जायचा, काही नग तर पडतळीच्याही खाली काढलेले मी पाहिलेत. मालकाला तोटा दिसत असायचा, पण अडकलेला पैसा सुटणं त्याला जास्त मोलाचं.

मग व्हायचं असं की सेलची बातमी गावभर होई, गर्दी वाढे आणि खरा उरलेला माल संपून जाई. गर्दी तर परत पाठवता येत नाही. तेव्हा 'सेलचा माल' यायचा. कोरा करकरीत, पण सेलसाठीच मागवलेला. सूत हलकं, पन्हा (कापडाची रुंदी) कमी, साडीला ब्लाउजपीस तोकडा. त्यावर ९०० ची चिठ्ठी लावायची, तिच्यावर लाल शाईने काट मारायची आणि ४५० लिहायचे. त्याची पडतळ ३०० च्या आतली असे. त्या चिठ्ठ्या मी माझ्या हाताने चिकटवल्या आहेत. तेव्हाही बरं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

एकदा मुळशीकडच्या एक बाई आल्या. मुलीचं लग्न पुढच्या माघात, पण स्वस्त मिळेल म्हणून आषाढातच घ्यायला आलेल्या. हातातली साडी खाली ठेवून म्हणाल्या, "दादा, यातली तुमच्या घरी कुठली न्याल?" मला उत्तर देता येईना. त्यांना सेलच्या मांडवातून दुकानात आत नेलं, भिंतीकडच्या कपाटातल्या मागच्या हंगामाच्या नऊ साड्या काढून दिल्या. त्यांवर सूट कमी होती, पण सूत खरं होतं.

ओळखायचं कसं, तर उरलेला माल कधी एकसारखा नसतो. शर्टांत ३८, ४०, ४२ आधी जातात, मागे ३६ आणि ४६ राहतात. रंग तुटक असतात, एकेक नग असतो, घडीवर धुळीची रेघ असते. एकाच रंगाच्या, सगळ्या मापांच्या थप्प्या लागलेल्या दिसल्या तर तो माल उरलेला नाही, आणलेला आहे.

सोलापूर

काकांचं अक्षरशः खरं आहे. आमच्या घरात दोन पिढ्या मागावर गेल्या. गावोगावच्या मंगल कार्यालयांत 'सोलापुरी चादरींचा भव्य सेल, फक्त तीन दिवस' असा फलक लागतो, तेव्हा मी मुद्दाम आत जाऊन बघतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी फलकावर कुणीही नाव लिहितो. चादर उलटी करून बघा. जॅकार्ड मागावर विणलेली असेल तर पुढची नक्षी मागे रंग उलटे होऊन दिसते. मागची बाजू फिकी, कोरी दिसली तर ती छापील आहे. मागच्या वर्षी एका कार्यालयात दहापैकी आठ थप्प्या छापील निघाल्या. विणकराच्या मजुरीचा भाव अशा चादरींमुळे पडतो, ग्राहकाचं नुकसान त्याच्या मानाने कमीच.

नागपूर

मला खरंच स्वस्त मिळालं, म्हणून लिहितो. दीड टनाचा एसी. एप्रिल २०२२ मध्ये ४४,५०० सांगितला होता. तेव्हा नागपुरात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नव्हता, दुकानदार एक रुपया सोडेना. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस झाल्यावर त्याच दुकानात तोच एसी ३७,९०० ला मिळाला. पाच ताऱ्यांचा.

कारण नंतर समजलं. १ जुलै २०२२ पासून एसीच्या ताऱ्यांचे निकष कडक झाले. जुना पाच ताऱ्यांचा एसी नव्या तक्त्यात साधारण चार ताऱ्यांत बसू लागला. म्हणून आधीचा माल सगळ्यांना काढायचा होता. मला आधी सांगितलं असतं तर आणखी घासाघीस केली असती, पण ६,६०० रुपये खरे वाचले आणि मशीन तेच होतं. ताऱ्यांच्या लेबलवर मुदतही छापलेली असते, ती वाचायची सवय तेव्हापासून लागली.

एक आणखी. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, एसी आणि ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठे ऑनलाइन सेलही त्याच आठवड्यात सुरू झाले. माझ्या मेव्हण्याने ४३ इंची टीव्ही घेतला, 'महासेल, १० टक्के सूट'. हिशेब केला तर कर कमी झाल्यानेच किंमत पावणेआठ टक्क्यांच्या वर उतरायला हवी होती (१२८ चे ११८ झाले). म्हणजे सेलने दिले ते जेमतेम सव्वादोन टक्के. त्याच सेलमध्ये त्याने वॉशिंग मशीन पाहिलं, त्यावर आधीपासून १८ टक्केच कर होता. तिथली सूट फारच किरकोळ होती.

नाशिक

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ३०,००० चा फोन, सहा हप्ते ५,००० चे. मला वाटलं बिनव्याजी आहे. कार्डाचं बिल आलं तेव्हा व्याजाची वेगळी ओळ होती. बँक व्याज घेतेच. तेवढी रक्कम फक्त फोनच्या किमतीतून आधी वजा केलेली असते. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच मज्जाव केला आहे, म्हणून ही मांडणी. माझ्या हिशेबात १६ टक्क्यांनी व्याज साधारण १,३५० झालं. तेवढी सूट मिळाली हे खरं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, २४३ रुपये, माझ्याच खात्यातून गेला. शिवाय प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावरही जीएसटी. मिळून ४७८ रुपये.

रक्कम फार मोठी नाही. पैसे साठायला सहा महिने लागणाऱ्याला त्या मोबदल्यात फोन आज मिळतो, हेही खरं. मला खटकलं ते हे की पैसे भरताना मोठ्या अक्षरांत शून्य लिहिलेलं होतं.

ठाणे

माझं थोडक्यात. ऑनलाइन सेलमध्ये मुलाचे बूट घेताना टोपलीत आपोआप 'संरक्षण योजना' येऊन बसली, ९९ रुपयांची. वर घड्याळ उलटं धावत होतं, ११ मिनिटं उरली म्हणून घाईत लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर घड्याळ पुन्हा तिथूनच सुरू. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत अशा १३ फसव्या प्रकारांची यादी आहे, खोटी घाई आणि टोपलीत गुपचूप भर हे दोन्ही त्यात आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ९९ रुपये परत आले.

कोल्हापूर, गुजरीजवळ

दसऱ्याला 'घडणावळीवर ५० टक्के सूट' वाचून सासूबाईंसोबत गेले. दोन तोळ्यांचा लक्ष्मीहार बघितला. घडणावळ २४ टक्के, सूट जाऊन १२. आनंदाने घेणारच होतो. सासूबाई म्हणाल्या, "आधी आपल्या सोनारांकडं विचारू की." त्यांच्याकडे सेल नाही, फलक नाही, घडणावळ सरळ ११ टक्के. सोन्यावरचा ३ टक्के कर दोन्हीकडे सारखाच, आणि अंक-अक्षरांचा सहा जागांचा हॉलमार्क क्रमांकही दोन्हीकडच्या हारांवर होता. सोन्याचा त्या दिवसाचा भावसुद्धा दोन दुकानांत ग्रॅममागे वेगळा होता, तोही सेलवाल्याचा जास्त. आम्ही दोन्हीकडून कच्चं बिल लिहून घेतलं, ओट्यावर बसून मांडलं, आणि हार सोनारांकडून घेतला. सूट कशावर आणि किती टक्क्यांपासून मोजली, एवढं विचारायला सासूबाईंना शाळेत जावं लागलं नाही.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे २००४ पर्यंत हंगामी सेल कायद्याने ठरलेल्या दिवसांतच लावता येत, जानेवारीच्या आणि जुलैच्या अखेरीस. हिवाळी कोट तेव्हा खरोखर संपवायचे असत. शेजारच्या आजी अजून त्याच आठवड्यांची वाट बघतात. आता सेल वर्षभर असतात, पण २८ मे २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत लिहावीच लागते. त्यातूनही पळवाट काढली गेली. एका किराणा साखळीच्या पत्रकात केळ्यांवर सूट मोठ्या अक्षरांत आणि ३० दिवसांची किंमत तळाशी बारीक, तीही सध्याच्या किमतीएवढीच. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. २६ सप्टेंबर २०२४ ला निकाल लागला की टक्केवारीही त्या ३० दिवसांच्या किमतीवरूनच मोजली पाहिजे. ताई, तुम्ही वहीत जे लिहिलंत ते इथे दुकानदाराने लिहायचं असतं. हा नियम आपल्याकडे यावा असं मला मनापासून वाटतं.

मडगाव

आमच्याकडे पावसाआधी पुरुमेंताची (साठवणीच्या सामानाची) फेरी, म्हणजे जत्रा भरते, चर्चजवळ. खोला गावची मिरची, सुकं मासळं, चिंच, सोलां (आमसुलं), पावसाळ्याची बेगमी एका फेऱ्यात होते. तिथे काट मारलेली किंमत नसते. बाई सांगते, आपण मागतो, मधे कुठेतरी जमतं. आईला त्या बाईचा नेहमीचा भाव दरवर्षी आठवत असतो, आईला फसवणं कठीण.

पिंपरी

वरचं सगळं पटलं, पण एक गोष्ट राहिली. एसी पावसात घ्या, कोट हिवाळा संपल्यावर घ्या, हे ज्याच्याकडे तेव्हा पैसे असतात त्याला शक्य आहे. बाबा कंपनीत कामगार होते. वर्षात हातात एकरकमी पैसा यायचा तो दिवाळीच्या बोनसचा, तोही सणाआधी आठ-दहा दिवस. फ्रिज, सायकल, आईची साडी, आमचे कपडे, सगळं त्याच आठवड्यात. सगळ्या पिंपरी-चिंचवडच्या हातात तेव्हाच पैसा येतो, हे दुकानदारांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत. २००९ साली फ्रिजवर सूट म्हणून स्टॅबिलायझर फुकट मिळाला होता. बाबांनी तो खोका महिनाभर दिवाणखान्यात ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. जानेवारीत तोच फ्रिज १,१०० रुपयांनी उतरला, ते मी पाहिलं होतं. सांगितलं नाही.

आता मी कमावते. या फेब्रुवारीत त्यांना टीव्ही घेतला, दिवाळीच्या सेलपेक्षा २,६०० रुपये कमी. पावती हातात घेऊन बाबा दुकानदाराला दोनदा विचारत होते, "आत्ता कशी काय हो सूट? दिवाळी तर झाली."