मदत हवी आहे : शिस्त, व्यायाम आणि सगळ्यांच्या घरातली अडगळ (गुहागर)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय घरगुती आहे आणि मला थोडक्यात लिहिता येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

वय ४३. २०२० साली लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीहून गुहागरला आलो आणि इथेच राहिलो. काम लॅपटॉपवरचं. बायकोची नोकरी आणि मुलीची दहावी यामुळे त्या दोघी डोंबिवलीत, इथे खालच्या पाटात मी आणि आई (वय ७१). मार्चमध्ये रक्त तपासलं तर एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.२. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर उभे आहात, अजून आत गेलेला नाहीत. वजन ९१ किलो, कंबर ४१ इंच. आपल्याकडच्या पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणे, म्हणजे साडेपस्तीस इंच. घरी आलो, दोन दिवस इंटरनेटवर व्हिडिओ बघितले आणि पेटलो.

पाडव्याला सुरुवात केली. पहाटे पाचला उठायचं, किनाऱ्यावर पाच किलोमीटर धावायचं, शंभर जोर, गार पाण्याची अंघोळ, साखर बंद, रात्री नऊनंतर फोन बंद. शिवाय रोज घरातली एक वस्तू बाहेर. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. असं चार वेळा सुरू केलं. सगळ्यात लांब गेलो तो १९ दिवस.

पहिल्यांदा बोंबललं ते वाळूमुळे. काही दिवस पहाटे इतकी सुंदर घट्ट ओली वाळू मिळायची की धावतच राहावं. मग अचानक चार-पाच दिवस असे यायचे की पाणी पार वरपर्यंत आणि मला सुरूच्या बाजूच्या भुसभुशीत वाळूतून जावं लागायचं. एका किलोमीटरात पोटऱ्यांचे दगड. त्या दिवशी दांडी, की परत पहिला दिवस. दुसऱ्यांदा जूनने मारलं. बूट एकदा भिजले की चार दिवस वाळत नाहीत, आणि वाळले असं वाटतं तेव्हा आत पांढरी बुरशी. हौसेने आणलेल्या डंबेलांना खाऱ्या हवेने गंज धरला. आता उचलले की तळहात नारिंगी होतात.

पण हे सगळं चालवून घेतलं असतं. खरी गोची पुढे आहे.

आमचं घर सामायिक आहे. सातबाऱ्यावर नावं किती आहेत ते मोजायला बसलो तर हा धागा संपायचा नाही. माळ्यावर तांब्याचा बंब, दोन घंगाळं, फुटक्या हातऱ्या, तीन मोदकपात्रं (एकाला झाकण नाही), जुनी मखरं, आणि कुणाच्या कुणाच्या बॅगा. मला ते बघून धाप लागते. एप्रिलमध्ये आई आठ दिवस मावशीकडे चिपळूणला गेली होती, तेवढ्यात मी हात मारला. स्टीलची छत्तीस ताटं आणि बाकी किरकोळ भांडी भंगारवाल्याला घातली. घरात माणसं दोन, छत्तीस ताटं कशाला? अकराशे रुपये आले. फडताळ मोकळं झालं आणि त्या रात्री मला फार छान झोप लागली, हेही कबूल करतो.

गणपतीत मुंबईहून सगळे मिळून सत्तावीस जण आले. नैवेद्याच्या दिवशी केळीच्या पानांवर भागलं. दुसऱ्या दिवशी रात्री आई फडताळासमोर उभी राहिली. मी बटाट्याच्या भाजीचं पातेलं घेऊन मागेच होतो. तिने हाताने ताटं मोजली. आठ, नऊ, दहा. मग दोन वाडगे मोजले, तेही ताटांत धरून. मग काही न बोलता परात उचलली आणि शेजारच्या काकूंकडे ताटं मागायला गेली, पावसात, छत्रीशिवाय. आता पाहुण्यांत कुणाला कळलं नाही असं मला वाटत होतं, पण आतेभावाने निघताना विचारलंच, "काय रे, यंदा ताटं बारशाला दिलीस काय?"

भंगारात गेली नाहीत अशा ताटांतलं एक मी रोज वापरतो. परवा घासताना उलटं केलं तर मागे ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय : माहेरची भेट, १९७८. छत्तीसच्या छत्तीस तशीच असणार.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण चौथ्या खेपेला पडवीतला झोपाळा काढून गोठ्यात ठेवला आणि त्याच्या कड्यांना दोर आणि लाकडी रिंगा बांधल्या, लोंबकळून व्यायाम करायला. तुळई फणसाची आहे, माझं वजन सहज पेलते. आई संध्याकाळी झोपाळ्यावर बसून वाती वळायची. आता ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वळते. एकदाही काही म्हणाली नाही.

तर माझे प्रश्न असे. इथल्या हवेत, इथल्या किनाऱ्यावर रोज जमेल असा व्यायाम कुणी बसवलाय का? एक दिवस चुकला की सगळं फुकट, हे खरं आहे का? आणि घर एकट्याचं नसताना कमी वस्तूंत कसं राहायचं? ताटांचं काय करू, हाही प्रश्नच आहे, पण तो कसा विचारावा कळत नाही.

अवांतर : "जिम लावा" सांगू नका. येण्याजाण्यात दीड तास जातो आणि मला पुन्हा एक सबब मिळते.

*

ओहोटीचा_माणूस

गुहागरात राहता आणि तिथी बघत नाही? भले!

आमचे आजोबा सांगायचे तो हिशेब देतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण वर. तुमची पाचाची धाव आणि ती भरती एकमेकांवर आदळतात, म्हणून तुम्ही सुरूत. चतुर्थीला तीन वाजता भरती. पुनवेला, अवसेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास भरती, म्हणजे पहाटे पाच-सहाला ओहोटी, आणि तीही उधाणाची, पाणी लांब आत गेलेलं. अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरा. पाणी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतं, ते तुमच्या गजरासाठी थांबत नाही.

तेव्हा द्वादशीपासून द्वितीयेपर्यंत पहाटे धावा. पंधरवड्यातून सहा दिवस मिळतात. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे (भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे) दिवस, तेव्हा पहाटे वाळूवर जायचंच नाही. दुपारी बारा-एकला ओहोटी असते, पण तेव्हा कोण मरायला जातोय. सुक्या वाळूत धावायला कडक जमिनीच्या सुमारे दीडपट ताकद लागते, तुमच्या पोटऱ्या खोटं बोलत नव्हत्या.

आणखी एक. किनारा समुद्राकडे उतरता असतो. जाताना जो पाय खालच्या बाजूला, तोच येताना वरच्या बाजूला पडेल असं त्याच रेषेवरून परत या. एकीकडूनच धावून रिक्षाने परत येणाऱ्या एका पाहुण्याचा गुडघा मी बघितलाय.

सड्यावरची

दादा, पावसात बूट वाळत नाहीत म्हणून अनवाणी सड्यावर (कातळाच्या माळावर) किंवा बांधावर जायचा विचार डोक्यात असेल तर आत्ताच काढा. जांभ्याच्या सड्यावर फुरसं (विषारी साप) असतं. ते एवढंसं, मातीच्या रंगाचं, आणि तुम्ही पाय ठेवेपर्यंत हलत नाही. चिखलात पायाला जखम असेल तर लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती वेगळी. चार महिने पडवीत सूर्यनमस्कार घाला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी अख्ख्या संस्थानाला घालायला लावले, त्यांना काही समुद्रकिनारा नव्हता. बारापासून सुरुवात करा, शंभर जोरांचं खूळ सोडा. ज्याला पहिल्या दिवशी शंभर जोर हवे असतात त्याला दहाव्या दिवशी खांद्याला शेक लागतो. (स्वानुभव. खांदा उजवा.)

दुसरं म्हणजे आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, एवढंच जागतिक आरोग्य संघटना मागते. तुम्ही स्वतःकडे त्याच्या तिप्पट मागताय आणि वर दंडही लावताय.

६६_की_२१

दांडीच्या प्रश्नावर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, २०१० मध्ये छापून आला. एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तुमचा "परत पहिला दिवस" हा नियम व्हिडिओवाल्याचा आहे. चार खेपांचे दिवस एकत्र मोजा. किती झाले?

भातखाऊ

दसऱ्यानंतर आमच्याकडे कापणीला या, शृंगारतळीच्या अलीकडे. वाकून कापा, भारे डोक्यावरून खळ्यापर्यंत आणा, मग झोडा. रिंगा लागणार नाहीत. जेवण आमच्याकडे, पण भात दोनदा वाढणार नाही, ६.२ वाचलंय मी. कुळथाची पिठी हवी तेवढी.

आमच्याकडे कुणी चालायला कुरकुरला की दापोलीच्या अण्णा कर्व्यांचं नाव निघतं. मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी चालत गेले, तेही पावसाळ्यात, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मोजलं नसावं.

माहेरवाशीण

मी जरा कडू लिहिते, राग मानू नका.

तुम्ही कमी केलं ते दुसऱ्याचं. माळ्यावरच्या बॅगा ज्यांच्या आहेत ते मुंबईला, त्यांना फोन करायला लाज वाटते, म्हणून जी बाई घरात नव्हती तिच्या फडताळावर हात पडला. तुमच्या टेबलाच्या खणात किती वायरी आहेत? किती जुने फोन? गंजलेले डंबेल अजून घरातच आहेत ना? तिथून सुरू करायचं होतं.

कोकणातलं घर दोन माणसांचं कधीच नसतं. अकरा महिने दोघांचं आणि गणपतीत, होळीत तीस जणांचं. त्या तिसांची भांडी सांभाळणं हे तुमच्या आईचं काम होतं, आणि ते काम तुम्ही तिला न विचारता बंद केलंत. आमच्या वाडीत पंगतीची भांडी सामाईक आहेत. मोठे टोप, पळ्या, दोनशे ताटं, वाडीतल्या एका घरी कुलपात असतात, वहीत लिहून न्यायची आणि घासून मोजून परत करायची. तुमच्याकडेही वाडीत विचारा, बहुतेक असतीलच. तुम्ही ताटं तिथे दिली असतीत तर घर मोकळं झालं असतं आणि गणपतीत तीच ताटं परतही आली असती.

आता गेली ती गेली. भंगारवाल्याकडे विचारून बघा, पण सहा महिने कुणी ठेवत नाही. नवीन आणून देऊ नका, निदान तिला विचारल्याशिवाय नको. झोपाळा मात्र आजच्या आज लावा. लोंबकळायला तुम्हाला वाडीत आंब्याची फांदी मिळेल, तिला वाती वळायला दुसरी जागा नाही.

*

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. माहेरवाशीण, दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही, कारण तुम्ही टेबलाच्या खणाचं बरोबर ओळखलंत. अकरा वायरी, तीन फोन, एक फ्लॉपीचा डबा. डंबेल पण गेले.

झोपाळा त्याच संध्याकाळी लावला. आई नुसती बघत होती. मी कड्या अडकवल्यावर म्हणाली, "करकरतोय, तेल घाल." तेल घातलं. बसली, एक झोका घेतला आणि म्हणाली, "डावी कडी अजून करकरते." पुन्हा घातलं.

मग ताटांचं काढलं. मी म्हटलं, मला मागचं कोरलेलं माहीत नव्हतं. ती म्हणाली, तुला कसं माहीत असेल, तू कधी घासलंयस? नंतर थोड्या वेळाने स्वतःच सांगितलं की छत्तीसमधली वीसच माहेरची, बाकीची तिने भिशीच्या पैशांतून घेतली होती. भिशीच्या ताटांबद्दल तिला जास्त वाईट वाटलंय असं मला वाटलं, पण विचारलं नाही. भंगारवाल्याकडे काहीच उरलेलं नाही. वाडीची भांडी आहेत आणि ती कुणाकडे असतात हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. उरलेल्या दहाला ती हात लावू देणार नाही. बॅगांसाठी चुलतभावांना फोन केले, दोघांनी "टाकून दे" म्हटलं, तिसरा दिवाळीला येऊन बघणार आहे. घंगाळं राहणार, हे आईने परस्पर ठरवून टाकलंय.

धावण्याचं : चौदसीपासून तृतीयेपर्यंत रोज पहाटे गेलो. कालनिर्णय भिंतीवर होतंच, इतके दिवस मी त्यात फक्त सुट्ट्या बघत होतो. पाच किलोमीटर नाही, तीन, त्यातले निम्मे चालत. पंचमी-षष्ठीला पडवीत बारा नमस्कार. मधे एक दिवस पूर्ण बुडाला, मोजणी तशीच पुढे नेली. चार खेपांची बेरीज ४७ निघाली, या खेपेचे धरून ५४.

एचबीए१सी डिसेंबरात पुन्हा करणार आहे, आकडा इथेच लिहीन. भातखाऊ, कापणीला येतो, तारीख कळवा.

उद्या अष्टमी, म्हणजे वाळू नाही. आई म्हणतेय दुर्गादेवीला चालत जाऊ, रिक्षा नको. तिच्या चालीने किती वेळ लागेल कोण जाणे, पण साडेपाचला निघायचं तिनेच ठरवलंय.