व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला गुंतवणुकीचा प्रस्ताव कोणत्या राज्याच्या अखत्यारीत येतो?

चौकस : 'मुक्तछंद' यांनी काल लिहिले की इंटरनेटला सीमा नसल्यामुळे अमेरिकेतील राज्यांनी रोख्यांच्या प्रस्तावांत नाक खुपसू नये, एकटे एसईसी, म्हणजे रोखे बाजारावर देखरेख करणारा संघराज्याचा आयोग, पुरेसे आहे. हे वाचून गप्प बसवेना. कॅन्ससने १९११ मध्ये 'ब्लू स्काय' कायदा (रोखेविक्रीवरचा राज्याचा कायदा) केला तो दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांना आवरण्यासाठी, आणि १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओहायोचा तसाच कायदा वैध ठरवला. राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेल्या २००२ च्या नमुन्याच्या, म्हणजे एकरूप रोखे कायद्याच्या, कलम ६१० नुसार प्रस्ताव जेथून निघाला त्या राज्यात तो होतोच, शिवाय ज्या राज्याकडे मुद्दाम पाठवला आणि जेथे पोचला, तेथेही होतो. पाठवण्याचे साधन बदलले म्हणून हा नियम का बदलावा?

मुक्तछंद : त्याच कलमाचा पुढचा भाग आपण सोयीस्करपणे गाळलात. राज्याबाहेरून निघालेला दूरचित्रवाणी कार्यक्रम किंवा 'अन्य इलेक्ट्रॉनिक संदेश' राज्यात पोचला, तरी एवढ्याने प्रस्ताव तेथे झाला असे मानले जात नाही. राज्यांच्या नियामकांच्या संघटनेनेही १९९६ मध्ये ठराव करून, विशिष्ट राज्यातील रहिवाशांसाठी नसल्याचे स्पष्ट लिहिणाऱ्या आणि तेथे विक्री न करणाऱ्या संकेतस्थळांना सूट दिली. लहान उद्योजकाने पन्नास राज्यांत शुल्क भरत बसायचे का?

सांजवेळ : माझे मेहुणे जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात राहतात. न्यू जर्सीतून चालणाऱ्या एका मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्यांना अपार्टमेंट संकुलाचा प्रस्ताव आला : "आपल्याच माणसांसाठी, किमान पन्नास हजार डॉलर, शुक्रवारपर्यंत कळवा." वर्षभर परतावा आला, मग उत्तरेही येईनाशी झाली. तक्रारीनंतर स्वतःहून फोन करून कागद मागवले ते राज्याच्या अधिकाऱ्याने.

मुक्तछंद : वाईट झाले, पण मेहुण्यांचा फोन क्रमांक कुठला?

सांजवेळ : जुनाच, ७३२ ने सुरू होणारा.

मुक्तछंद : म्हणजे न्यू जर्सीचा! मग संदेश जॉर्जियाकडे पाठवला असे कसे म्हणता? शिवाय एसईसीच्या नियम ५०६ खालील, म्हणजे नोंदणीतून सवलत मिळालेल्या खासगी विक्रीची नोंदणी मागण्याचा राज्यांचा अधिकार अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) १९९६ मध्येच काढून घेतला आहे.

चौकस : त्याच नियमाच्या ५०६(ब) या भागात जाहीर आवाहनाला बंदी आहे आणि अनोळखी लोकांनी भरलेल्या गटावरचा संदेश हे जाहीर आवाहनच आहे. नुसते '५०६' म्हणून भागत नाही, सवलतीच्या अटी खरोखर पाळल्या पाहिजेत, असे सहाव्या सर्किटने (संघराज्याच्या अपील न्यायालयाने) २००७ मध्ये अर्थबोर्ड स्पोर्ट्स प्रकरणात सांगितले. फसवणुकीवर कारवाई करण्याचा राज्यांचा अधिकार तर १९९६ च्या कायद्यानेही शाबूत ठेवला.

रानवारा : सगळे मूळ त्या 'पात्र गुंतवणूकदार' व्याख्येत आहे, म्हणजे अशा खासगी विक्रीत स्वतःचे भले स्वतः पाहू शकतात असे कायदा ज्यांना मानतो त्यांच्या. दाम्पत्याचे उत्पन्न तीन लाख डॉलर असले की पुरे. सॉफ्टवेअरमधील नवरा-बायको सहज बसतात, मग ताळेबंद वाचता येवो न येवो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी करार न वाचता सह्या केल्या आहेत.

मुक्तछंद : आपल्या लोकांना असे अडाणी ठरवू नका. स्वतः कमावलेल्या पैशाचा धोका पत्करणे हा त्यांचा हक्क आहे.

रानवारा : हक्काला माहितीची जोड नसेल तर तो हक्क विक्रेत्याच्याच कामाचा! राहते घर वगळून दहा लाख डॉलरहून अधिक निव्वळ मालमत्ता असलेली निवृत्त विधवाही याच व्याख्येत बसते. तिला प्रश्न विचारायला कोणी शिकवले आहे?

मुक्तछंद : आपण भावनेवर नेत आहात, कायद्यावर बोला.

सांजवेळ : मग कायद्यावर बोलते. पैसे घेण्याआधी पाठवलेल्या करारावर मेहुण्यांचा अटलांटाचा पत्ता प्रवर्तकानेच छापला होता.

मुक्तछंद : पत्ता ठाऊक असताना करार पाठवला असेल, तर त्या प्रस्तावापुरता जॉर्जियाचा अधिकार मान्य करावा लागेल. उघड्या संकेतस्थळांबाबत मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही.