चौकोनाच्या बाजूंवरील चौरस आणि संमिश्र संख्या

प्रश्न:
अकरावीला संमिश्र संख्या शिकवताना मापांक, कोनांक आणि संयुग्मी संख्या एवढ्यावर धडा आटोपतो आणि भूमितीशी असलेले त्यांचे नाते विद्यार्थ्यांना दिसतच नाही. म्हणून मी व्हॅन ऑबेल यांचे १८७८ मधील प्रमेय घेतले: चौकोनाच्या चारही बाजूंवर बाहेरून चौरस काढले, तर समोरासमोरच्या चौरसांचे मध्य जोडणारे दोन रेषाखंड समान लांबीचे आणि परस्परांना लंब असतात. सहनिर्देशकांनी सिद्धता लिहिली, तेव्हा आठ चलांची दोन पाने भरली आणि शेवटी सगळी पदे कटली. पण ती का कटली, हे मला वर्गात सांगता येईना. शिवाय मी काढलेल्या एका आकृतीत ते रेषाखंड लंब येत नाहीत. चूक कुठे असेल?

प्रतिसाद १:
संमिश्र संख्या म्हणजे प्रतलावर शून्यापासून निघणारा बाण असे समजा. तिला ‘आय’ने, म्हणजे −१ च्या वर्गमुळाने, गुणणे म्हणजे तो बाण लांबी न बदलता काटकोनात डावीकडे वळवणे. एवढी एकच गोष्ट येथे पुरते.

शिरोबिंदू अ, ब, क, ड घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध क्रमाने घ्या. बाजू अब च्या मध्यबिंदूवरून अर्ध्या बाजूइतके काटकोनात बाहेर गेले की चौरसाचा मध्य मिळतो, म्हणून प = (अ + ब)/२ + आय(अ − ब)/२. अक्षरे एकेक घर पुढे सरकवून फ, र, स हे पुढचे तीन मध्य लिहा. आता (र − प) ला आयने गुणून पाहा: उत्तर नेमके (स − फ) येते. लांबी समान आणि कोन ९०°, ही दोन्ही विधाने या एका समीकरणात आहेत, आणि आपल्या दोन पानांतली पदे कटत होती ती यामुळेच.

फळ्यावर ०, ४, ६ + ४आय आणि २आय हे शिरोबिंदू घ्या. मध्य येतात २ − २आय, ७ + आय, २ + ६आय आणि −१ + आय. एक रेषाखंड उभा, दुसरा आडवा, दोन्हींची लांबी ८. आलेखकागदावर चौकटी मोजूनच खात्री पटते.

आपल्या आकृतीत बहुधा एखादा चौरस आत काढला गेला असावा. चारही चौरस आत काढले, तर आयच्या जागी −आय येतो आणि प्रमेय टिकते. एकच आत गेला, तर सामान्यतः बिघडते.

प्रतिसाद २:
संमिश्र संख्यांकडे असे बाण म्हणून पाहणाऱ्या कॅस्पर वेसेल यांचा वर्गात उल्लेख अवश्य करावा. ते व्यवसायाने भूमापक होते. दिशा असलेल्या रेषांचा गुणाकार कसा करावा, याविषयीचा निबंध त्यांनी १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे मांडला आणि तो १७९९ मध्ये छापला गेला. हीच कल्पना मांडणारी आर्गंड यांची पुस्तिका १८०६ मधली. जमिनीवर कोन आणि अंतरे मोजणाऱ्या माणसाला हे सुचावे, हे मला फार स्वाभाविक वाटते. मात्र प्रत्येक प्रश्नाला ही रीत लावू नये. फिरवणे आणि लहानमोठे करणे जिथे आहे तिथे ती चपखल बसते. शंकुच्छेदांसाठी मी साधे सहनिर्देशकच वापरतो.

प्रश्नकर्ता:
आपला अंदाज खरा ठरला: बाजू कड वरचा चौरस मी आत काढला होता. आता एक शंका आहे. बिंदू ड सरकत अ वर येऊन बसला, तर काय उरते?

प्रतिसाद १:
समीकरण तसेच टिकते. चौथ्या बाजूची लांबी शून्य होते, तिच्या चौरसाचा मध्य स म्हणजेच अ, आणि आपल्याकडे त्रिकोण अबक उरतो. तेव्हा अफ हा रेषाखंड पर ला लंब आणि त्याच्याइतकाच लांब असतो, म्हणजे रेषा अफ वर त्रिकोण पफर चा फ मधून जाणारा शिरोलंब असतो. ब आणि क बाबतही हेच लागू होते. तिन्ही शिरोलंब एकसंपाती असतात, त्यामुळे त्रिकोणाचा प्रत्येक शिरोबिंदू समोरच्या चौरसाच्या मध्याशी जोडला, तर त्या तीन रेषाही एकाच बिंदूत मिळतात. त्या बिंदूला वेक्टेन बिंदू म्हणतात.