सोसायटी ग्रुप : स्पीड टेस्ट ९७, फाइल मात्र येईना

ए-६०४ : सचिवसाहेब, कालही रात्री ९ ते ११ च्या दरम्यान फ्रँकफर्टच्या सर्व्हरवरून कामाची फाइल उतरवताना वेग सेकंदाला ३०० किलोबाइटच्या वर गेला नाही. दुपारी तोच सर्व्हर ६ मेगाबाइटने देतो. एकाच इंटरनेट कंपनीला वायरसाठी डक्ट देण्यावर मी घेतलेली हरकत इतिवृत्तात आहेच, ती आज पुन्हा उगाळत नाही.

बी-१०१ : स्पीड टेस्टचा फोटो टाकला आहे. शंभरपैकी ९७ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९७ मेगाबिट. हेही ज्यांना कमी वाटतात त्यांनी आपले दहावीचे गणिताचे गुण आठवावेत.

सी-३०३ : आमच्याकडे तर रात्री मालिका कधीच अडकत नाहीत.

ए-६०४ : ताई, लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती बहुधा मुंबईत किंवा कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यात ठेवलेल्या असतात आणि स्पीड टेस्टही आपणहून जवळचाच सर्व्हर निवडते. त्यामुळे काकांचे ९७ हे फार तर मुंबईपर्यंतचे ९७ आहेत, त्यापुढच्या रस्त्याविषयी ते काहीच सांगत नाहीत.

बी-१०१ : फोटो पुन्हा टाकतो, बहुधा कोणी नीट पाहिलेला नाही. ९७.

बी-८०२ : सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या होत्या, तेव्हाही असेच झाले होते. पुन्हा तसे काही नसेल ना?

ए-६०४ : केबल तुटली असती तर बहुधा दुपारीही त्रास झाला असता. रात्री त्याच वेळी दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल हॉटस्पॉटवर हीच फाइल व्यवस्थित उतरली, तेव्हा फ्रँकफर्टचा सर्व्हर निर्दोष आहे. आपल्या लाइनवरून पाठवलेला संदेश तिथे जाऊन परत यायला दुपारी साधारण १४० मिलिसेकंद लागतात, रात्री २८० लागतात आणि वाटेत काही पॅकेट, म्हणजे फाइलचे छोटे तुकडे, गळतात. पाठवणारा सर्व्हर थोडा माल पाठवून पोच येण्याची वाट पाहतो आणि पॅकेट गळले की गर्दी आहे असे समजून हात आखडता घेतो, म्हणून पल्ला लांबला की थोडीशी गळतीही एका फाइलचा वेग पार खाली आणते. माझा तर्क असा, की कंपनीने परदेशी वाहतुकीसाठी विकत घेतलेली क्षमता रात्रीच्या गर्दीला पुरत नाही आणि आपली काही वाहतूक लांबच्या वाटेने वळवली जाते.

सी-५०५ : हे सारे कळले, पण दुसऱ्या कंपनीचा माणूस जानेवारीत वायर टाकायला आला तेव्हा गच्चीची किल्ली कोणाकडे होती, हे कोणी सांगेल का?

सचिव : किल्ली वॉचमनकडेच होती. आपण त्या सभेला उपस्थित असता, तर परवानगीचा ठराव का पुढे ढकलला हेही आपल्याला कळले असते.

सी-५०५ : सभेची सूचना आदल्या रात्री मिळाली होती, साहेब.

बी-१०१ : कस्टमर केअरचे म्हणणेही माझ्यासारखेच आहे. ९७ येतात, विषय संपला.

बी-८०२ : काका, सरकारी व्याख्येत २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस आणि तोही कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत. एका बाइटचे आठ बिट धरले तर सहाशेचारांचे ३०० किलोबाइट म्हणजे २.४ एमबीपीएस होतात, म्हणजे जर्मनीचा हिशेब धरला तरी कंपनी काठावर पासच आहे!

ए-६०४ : म्हणूनच केवळ ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार करून उपयोग नाही, तिथला मुलगा स्पीड टेस्ट करायला लावून तक्रार बंद करतो. दुपारच्या आणि रात्रीच्या ट्रेसरूटचे (संदेश कोणत्या टप्प्यांतून जातो आणि किती वेळ घेतो हे दाखवणाऱ्या चाचणीचे) निकाल जोडून आपण तक्रार क्रमांक घ्यावा आणि तोडगा निघाला नाही, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. अर्ज एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच घरांनी केले तर बरे.

सी-३०३ : माझा मुलगा रात्री कॅनडातल्या विद्यापीठाची व्याख्याने उतरवतो, तोही हीच कटकट सांगतो. त्याच्याकडून मोजून घेते.

सचिव : ज्यांना त्रास आहे त्यांनी शनिवारपर्यंत मोजमापे मला व्यक्तिशः पाठवावीत, ग्रुपवर नकोत. कंपनीला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र जाईल. दुसऱ्या कंपनीच्या वायरचा विषय पुढच्या कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.

सी-५०५ : सूचना या वेळी तरी आठवडाभर आधी द्यावी.