मदत हवी आहे: मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर भावाची बोटं गेली, दावा कुठं करायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. धाकटा भाऊ मुंबई हायवर ठेकेदाराकडं रिगर (क्रेननं उचलायचा माल दोरानं बांधणारा कामगार) होता. ऑगस्ट 2025 मध्ये क्रेनचा स्लिंग (माल बांधायचा दोर) सुटून उजव्या हाताची तीन बोटं गेली. ठेकेदारानं दवाखान्याचं बिल भरलं आणि एका इंग्रजी कागदावर सही घेतली. (करायलाच नको होती, पण तेव्हा कुणाला सुचतंय!)

अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (तो नोव्हेंबर 2025 मध्ये रद्द झाला) दोन वर्षांची मुदत होती, राहत्या भागातही दावा करता यायचा, ठेका देणारी मूळ कंपनीही जबाबदार धरता यायची, असं वकील म्हणाले. मग बेळगावातच करू की मुंबईला? त्या सहीनं हक्क बुडतो का? पंचायतीचा रहिवासी दाखला कानडीत आहे, मुंबईत भाषांतर लागेल का? कुणी असं प्रकरण लढवलंय?