विलिसाऊ काही महानगर नाही

अक्षरांशी खेळणारी जॅझची पोस्टरं शहरातल्या सरावलेल्या डोळ्यांसाठी असतात, खेड्यात फोटोच लागतो, असं एक मत मांडलं जातं, ते मला अजिबात पटलं नाही. अशा पोस्टरांसाठी ओळखला जाणारा चित्रकार निक्लाउस ट्रॉक्सलर स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊचा, म्हणजे काही हजार वस्तीच्या गावाचा. तिथंच त्यानं १९६६ पासून मैफली भरवल्या, १९७५ मध्ये जॅझ महोत्सव सुरू केला, २००९ पर्यंत चालवला. पोस्टरंही स्वतःच केली. त्यांतल्या कित्येकांवर ना वादकाचा चेहरा, ना वाद्य, नुसती अक्षरं.

आमच्या पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे इथल्या लोकरंगभूमीची, नाटकं सुरू झाली की पानठेल्यांवर पोस्टरं लागतात. त्यांवर कलावंतांच्या फोटोंची दाटी असते हे खरं, पण माणूस थांबतो तो नाटकाच्या नावापाशी. लाल अक्षर, पिवळी कडा, मागे काळी सावली, आणि शिरोरेषा डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. सायकलवरून जाता जाता वाचता येतं! ही नजर कमी लेखू नका. ट्रॉक्सलरला रोमन अक्षरं कागदभर उधळता येतात, कारण ती मुळात सुटी असतात. देवनागरीत तसंच करायला गेलं की काने-वेलांट्या अधांतरी लोंबकळतात. आपल्याकडे लय आणायची जागा शिरोरेषा आहे. ती ताणावी, मध्येच तोडावी, वाकवावी. विदर्भात जॅझची मैफल ठरली, तर पोस्टरचं काम मी वडशाच्या एखाद्या नाटकाची पोस्टरं करणाऱ्यालाच देईन.