नवा अध्यक्ष पदभार घ्यायला तयार नसेल, तर जुन्यानेच बसून राहावे का?

दादरकर

पार्लेकरांनी काल लिहिले की, अमेरिकेत २० जानेवारीपर्यंत नवा अध्यक्ष ठरला नाही तर जुनाच कारभार पाहत राहतो आणि तेच शहाणपणाचे आहे, कारण देश क्षणभरही निर्नायकी राहता कामा नये. यातला पहिला भाग साफ चुकीचा आहे आणि दुसरा मला धोक्याचा वाटतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

अमेरिकी राज्यघटनेची विसावी दुरुस्ती २३ जानेवारी १९३३ रोजी संमत झाली. तिच्यानुसार २० जानेवारीला दुपारी बारा वाजता जुन्या अध्यक्षाची मुदत संपते. त्याची जागा घ्यायला कोणी तयार आहे की नाही, हा प्रश्नच तेथे येत नाही. निर्वाचित अध्यक्षाचा आधीच मृत्यू झाला, तर निर्वाचित उपाध्यक्ष अध्यक्ष होतो. अध्यक्ष निवडलाच गेला नसेल किंवा पात्र ठरला नसेल, तर तो ठरेपर्यंत निर्वाचित उपाध्यक्ष हंगामी कारभार पाहतो. दोघेही नसतील तर १९४७ चा उत्तराधिकार कायदा आहे: आधी प्रतिनिधीगृहाचा सभापती, मग सिनेटचा हंगामी अध्यक्ष, मग ठरलेल्या क्रमाने मंत्री. सभापतीला तर त्यासाठी सभापतिपद आणि सभासदत्व दोन्ही सोडावे लागते. या संपूर्ण रांगेत मावळत्या अध्यक्षाचे नाव कोठेही नाही आणि माझ्या मते या व्यवस्थेचे खरे बळ त्यातच आहे. नव्याला होणारा उशीर हा जुन्याचा लाभ ठरता कामा नये. तो ठरला की उशीर घडवून आणणारे हातही निर्माण होतात.

पार्लेकर

दुपारी बाराचा मुद्दा मान्य. पण म्हणून ती व्यवस्था चांगली ठरत नाही. आपल्या घटनेचे कलम ५६ वाचावे. मुदत संपली तरी उत्तराधिकारी पदग्रहण करेपर्यंत राष्ट्रपती पदावर राहतो, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या घटनाकारांनी अमेरिकेची घटना बारकाईने अभ्यासली होती आणि तरीही त्यांनी ही तरतूद ठेवली, याचा काही अर्थ असेलच ना?

आणि आपण ज्या रांगेचे कौतुक करता, तिची अवस्था पाहा. जानेवारी २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाला स्वतःचा सभापती निवडायला मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या. ते वर्ष अध्यक्षीय शपथविधीचे असते आणि तो घोळ २० जानेवारीपर्यंत चालला असता, तर सभापतीची जागाच रिकामी राहून पाळी सिनेटच्या हंगामी अध्यक्षावर आली असती. ते पद बहुधा बहुमतवाल्या पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाला मिळते; २००१ मध्ये स्ट्रॉम थर्मंड वयाच्या ९८ व्या वर्षी त्यावर होते. अण्वस्त्रांची जबाबदारी अशा रीतीने कोणाच्याही पदरात टाकण्यापेक्षा अनुभवी माणूस महिनाभर अधिक राहिला, तर काय बिघडते?

गिरगावातील वकील

पार्लेकरसाहेब, कलम ५६ फक्त मुदत संपण्यापुरते आहे. राष्ट्रपतींचा मृत्यू झाला किंवा त्यांनी राजीनामा दिला, तर कलम ६५ नुसार उपराष्ट्रपती कार्यभार घेतात आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. उपराष्ट्रपतीही नसतील तर काय, याचे उत्तर १९६९ पर्यंत कोणत्याही कायद्यात नव्हते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. गिरी स्वतः निवडणूक लढवणार अशी चिन्हे दिसू लागल्यावर संसदेने त्याच महिन्यात घाईने कायदा केला की, दोघेही नसतील तर सरन्यायाधीश कार्यभार पाहतील. २० जुलैला गिरींनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश न्या. हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपती भवनात होते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले तेव्हा त्यांचे स्वागत सरन्यायाधीशांनी केले. येथवर सारे सुरळीत वाटते. परंतु १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर गिरींनी १९ जुलैला, म्हणजे राजीनाम्याच्या आदल्या दिवशी, सही केली, आणि त्याच विषयाच्या विधेयकाला ऑगस्टमध्ये संमती दिली ती हिदायतुल्लांनी. पुढे तो कायदा सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा अकरा न्यायमूर्तींच्या पीठात सरन्यायाधीश बसले नाहीत. हंगामी माणूस केवळ खुर्ची सांभाळतो, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी. त्याच्या सहीची किंमत पूर्ण असते.

मुलुंडचा मतदार

अमेरिका आणि दिल्ली यांच्या गोष्टी चालल्या आहेत, पण आपल्या पायाखाली काय जळले ते कोणी बोलत नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. घटनेचे कलम २४३-यू सांगते की, पाच वर्षे पूर्ण होण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. प्रत्यक्षात मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे २२७ प्रभागांना नगरसेवक नव्हता. सारे अधिकार प्रशासकाकडे. प्रभागरचना, आरक्षण, न्यायालय ही कारणे मला पाठ आहेत. आमच्या गल्लीतील गटाराचे झाकण पावसाळ्यात वाहून गेले, तेव्हा वॉर्ड ऑफिसातल्या खिडकीवर मला ऑनलाइन तक्रार करा असे सांगण्यात आले, आणि ती तक्रार झाकण न बसताच 'निकाली' निघाली. पूर्वी नगरसेवकाच्या दारात जाऊन त्याला उठवता तरी येत असे. पदावर कोणीतरी आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी ही चार वर्षे आठवावीत.

पार्लेकर

प्रशासक हा जुना पदाधिकारी नसतो. उलट जुन्या नगरसेवकांनाच निवडणूक होईपर्यंत राहू दिले असते, तर आपले झाकण बसले असते. आपले उदाहरण माझ्या बाजूचे आहे.

मुलुंडचा मतदार

जुन्यांनाच राहू दिले असते, तर निवडणूक २०३० पर्यंत झाली नसती. आपण मुंबईत राहता की नाही, अशी शंका येते.

चारकोपची सभासद

कृपया एकमेकांच्या पत्त्यावर जाऊ नका. मला पार्लेकरांचे म्हणणे पटते, कारण उलट प्रकार मी भोगला आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत नवी कमिटी निवडायची होती. जुने चेअरमन थकले होते. नावे सुचवा म्हटल्यावर सगळ्यांच्या माना छापील अहवालात गेल्या. शेवटी निवडून दिलेल्यांपैकी निम्म्यांनी बंधपत्रावर सहीच केली नाही. सहकार कायद्याच्या कलम ७७-अ मध्ये नेमकी हीच स्थिती आहे: समिती निवडली गेली नाही किंवा तिने पदभार स्वीकारला नाही, तर निबंधक नेमणूक करू शकतो. आमच्याकडे अधिकारी नेमले गेले. ते गृहस्थ सज्जन होते, पण वीजबिल आणि वॉचमनचा पगार यापलीकडे कोणत्याही धनादेशावर सही करायला तयार नव्हते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे तीन दरपत्रक फाइलमध्ये पडून राहिले आणि पूर्ण पावसाळाभर वरच्या मजल्यावरील आजींच्या पलंगाशेजारी बादली होती. जुने चेअरमन दोन महिने थांबले असते, तर ते काम मे महिन्यातच उरकले असते.

दादरकर

ताई, आपल्या आजींना झालेला त्रास मी कमी लेखत नाही. पण आमच्या इमारतीत जुने चेअरमन थांबले होते. मुदत संपली होती, निवडणूक 'पुढच्या महिन्यात' होती, आणि त्या काळात त्यांनी एका विकासकाला पुनर्विकासाचे संमतिपत्र देऊन टाकले. सभेपुढे विषयच आला नाही. ते पत्र रद्द करून घ्यायला आम्ही वकिलाला जे पैसे मोजले, त्यात दोन गच्च्या झाल्या असत्या. तुमच्या अधिकाऱ्याने सही केली नाही म्हणून नुकसान झाले, आमच्या चेअरमनने केली म्हणून. माझ्या मते दुसरे नुकसान भरून निघणे अधिक कठीण असते.

पार्लेकर

एका अप्रामाणिक माणसावरून आपण घटनेचे कलम मोडीत काढायला निघालात. ही वादाची पद्धत नव्हे, हा राग आहे.

दादरकर

राग आहेच, आणि तो मी लपवत नाही. पण घटनेचे कलम मी मोडीत काढलेले नाही. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. ते आठ दिवस अधिक राहिले तर सत्तेचा तोल ढळत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतःच कार्यकारी सत्ता आहे. त्याला 'उत्तराधिकारी येईपर्यंत' अशी मोकळी सवलत दिली, तर उत्तराधिकारी येणार नाही याची व्यवस्था करण्याची साधनेही त्याच्याच हाती असतात. १८७६ ची निवडणूक पाहा. हेस आणि टिल्डन या दोन उमेदवारांचा तंटा पंधरा जणांच्या आयोगापर्यंत गेला, आठ विरुद्ध सात मतांनी निर्णय झाले आणि निकाल २ मार्च १८७७ रोजी जाहीर झाला. मावळते अध्यक्ष ग्रँट यांची मुदत तेव्हाच्या नियमानुसार ४ मार्चला संपत होती. त्या दिवशी रविवार होता, म्हणून हेस यांनी ३ मार्चला संध्याकाळी व्हाइट हाउसमध्येच खाजगीत शपथ घेतली. मुदत पक्की होती म्हणूनच तडजोडीची घाई झाली: हेस यांना अध्यक्षपद आणि बदल्यात दक्षिणेतून केंद्राचे सैन्य मागे. ती तडजोड दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना फार महागात पडली, हेही खरे आहे. परंतु जुना अध्यक्ष आपोआप चालू राहिला असता, तर दोन्ही पक्षांना तडजोडीचे कारणच उरले नसते.

गिरगावातील वकील

आपल्याकडे कार्यकारी सत्तेचा प्रश्न पंतप्रधानांच्या बाबतीत येतो, आणि काळजीवाहू सरकारने मोठे निर्णय घेऊ नयेत हा तेथे केवळ संकेत आहे, लेखी कलम नाही. खरे भांडण कोण बसतो याचे नसून, बसलेल्याला काय करता येते आणि किती दिवस, याचे आहे.

पार्लेकर

'किती दिवस' हे मान्य करतो, मोठ्या नाइलाजाने. कलम ५६ मध्ये दिवसांची मर्यादा असती, तर माझी हरकत नसती. परंतु जुन्याला बाराच्या ठोक्याला बाहेर काढून जागा सभापतीच्या भांडणावर सोडणे मला आजही पटत नाही, आणि मुलुंडच्या मतदारांनी माझ्या रहिवासाबद्दल काढलेले उद्गार मागे घ्यावेत.

मुलुंडचा मतदार

रहिवासाबद्दलचे मागे घेतो. २०३० बद्दलचे घेत नाही.

चारकोपची सभासद

दिवसांची मर्यादा आणि सहीची मर्यादा, दोन्ही लेखी हव्यात, एवढे मी आमच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेत घालणार आहे. वकीलसाहेब, ठरावाचा मसुदा उपविधींच्या चौकटीत बसेल असा करून द्याल का?